काळे मणी, पांढरे मणी

गेल्या जुलैत एका सकाळी विटाव्याला रेल्वे पुलाखाली गुडघाभर पाणी होतं. कळव्याहून रबाळ्याला लॅबमध्ये पोचेपर्यंत मला अकरा वाजून गेले. टेबलावर तीन बाटल्या येऊन पडल्या होत्या. लेबलांवरची शाई पावसाने फुटली होती, तरी अक्षरं लागत होती: वर, मध्य, खाली. ‘वर’च्या बाटलीत काळेकुळकुळीत मणी, त्यातले काही एकमेकांना चिकटून त्यांचे खडे झालेले. ‘मध्य’च्या बाटलीत चहाच्या रंगाचे. ‘खाली’च्या बाटलीतले मात्र फिकट, मातकट पांढरे, आत्ताच पिंपातून काढावेत तसे. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती: ‘काळे मणी किती टक्के निकामी झाले आहेत ते कळवावे.’

पांढऱ्यांबद्दल कुणाला काही विचारायचंच नव्हतं.

मी एकोणीस वर्षं हे मणी तपासते. कारखान्यात त्यांना सगळे ‘सीव्ह’ म्हणतात, पूर्ण नाव मॉलिक्युलर सीव्ह. दिसायला मोठ्या साबुदाण्यासारखे, पण आत सगळी भोकंच भोकं. ही भोकं सगळी एका मापाची असतात, आणि सगळी किमया त्या मापात आहे. सोडियमवाल्या, ‘४ए’ नावाच्या जातीचं भोक साधारण ४ अँगस्ट्रॉमचं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्यातला सोडियम काढून पोटॅशियम बसवला की भोक आवळून ३ होतं, तो ३ए; कॅल्शियम बसवला की ५, तो ५ए. एवढ्याशा फरकाने काम पूर्ण बदलतं. ५एमध्ये सरळ साखळीचे हायड्रोकार्बन शिरतात आणि फांद्या असलेले दारातच अडकतात, म्हणून केरोसीनमधून सरळ साखळ्या वेगळ्या काढायला तो वापरतात. आपल्या धुण्याच्या पावडरीतला फेस करणारा माल त्या साखळ्यांपासूनच पुढे बनतो. ३एमध्ये पाणी शिरतं, पण इथिलीन शिरत नाही. म्हणून क्रॅकरमधला, म्हणजे नाफ्था फोडणाऱ्या प्लांटमधला, गॅस सुकवायला ३ए.

हे सुकवणं फार नाजूक काम आहे. नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारं पेट्रोलसारखं द्रव, वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर तापवून फोडतात, आणि त्यातून निघालेला गॅस पुढे शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास थंड करून इथिलीन, मिथेन वेगळे करतात. एवढ्या थंडीत गॅसमध्ये पाण्याचा अंशही राहिला तर बर्फ धरतो, नळ्या बुजतात, प्लांट बसतो. दहा लाखांत एक भाग पाणीही जास्तच. तेवढं पाणी पकडायचं काम या साबुदाण्याएवढ्या मण्यांनी करायचं, दिवसरात्र.

माझी भाची पाचवीत असताना तिच्या तळहातावर मी कोरडे, नवे मणी ठेवले होते, पाच-सहाच, आणि वर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडला. तिने चटकन हात झटकला. मणी गरम झाले होते! एक किलो पाणी या मण्यांत बसताना साधारण ४,२०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० लागतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पाणी इतकं घट्ट धरलं जातं, आणि ते परत बाहेर काढायचं तर ती सगळी उष्णता आपल्याला मण्यांना परत द्यावी लागते. हे परत देणं म्हणजे रिजनरेशन. आमच्याकडे कुणी पूर्ण शब्द बोलत नाही, ‘बेड रिजनला टाकलाय’ म्हणतात. बेड म्हणजे भांड्यात भरलेला मण्यांचा थर.

स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या खनिजतज्ज्ञाने १७५६ साली असाच एक दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून त्याने नाव दिलं झिओलाइट, ग्रीक शब्दांवरून, उकळणारा दगड. तेच खनिज आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत आहे. नाशिक, जळगाव, पुणे भागातल्या खाणींतले स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेत. कारखान्यात वापरतो ते मात्र माणसाने बनवलेले. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी ‘ए’ आणि ‘एक्स’ या जाती तयार केल्या आणि १९५४ साली त्या बाजारात आल्या. मला दोन्हींची ओढ आहे, पण पोट भरतं ते दुसऱ्यावर.

तर त्या तीन बाटल्या. कारखान्याचं नाव लिहीत नाही. क्रॅकरच्या गॅसचे दोन ड्रायर, म्हणजे मणी भरलेली गॅस सुकवायची भांडी, एक कामावर असताना दुसरा रिजनवर. त्यातला एक पूर्वी छत्तीस तास बिनघोर चालायचा, तो विसाव्या तासालाच ओला गॅस सोडायला लागला होता. शटडाऊनमध्ये तो उघडला आणि वरून भाल्यासारखी नळी खुपसून, तळाशी खाली करायच्या नोझलमधून, असे नमुने काढले. भांड्यात नायट्रोजन भरलेला असतो. त्या मॅनहोलमध्ये डोकं घातलं तर माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो, वास नाही, सूचना नाही. नमुने काढणारे एक मामा हवेचं नळकांडं पाठीवर लावून वर चढतात. बाटली हातात घेतली की मला आधी ते आठवतात.

पहिल्या दिवशी बाटल्या फ्यूम हूडमध्ये उघडल्या. काळ्या मण्यांवर पाण्याचा थेंब टाकला की रॉकेलसारखा वास येतो. पाणी मण्यात शिरतं आणि आधी बसलेल्या हायड्रोकार्बनला बाहेर ढकलतं. म्हणून वापरलेला सीव्ह पावसात उघडा टाकला तर त्यातून पेट घेणारी वाफ निघत राहते, मणी गरमही होतात. हे लोकांना सांगून माझा घसा बसलाय, तरी सांगत राहीन.

मग काळेपणाचं माप. नायट्रोजनमध्ये तापवून जे उडून जातं ते उडवलं, उरलेलं हवेत जाळलं, आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं. ‘वर’च्या मण्यांत शंभर ग्रॅममागे सहा ग्रॅम कार्बन निघाला. क्रॅकरच्या गॅसमध्ये ब्युटाडाईनसारखे चिकट स्वभावाचे रेणू असतात. बेड तापला की ते एकमेकांना धरतात, आधी पिवळसर, तपकिरी राळ होते, ती द्रावकात विरघळते. पुन्हा पुन्हा तापली की तिचा हायड्रोजन निघून जातो आणि कडक कोक उरतो, तो कशातच विरघळत नाही. ३एच्या भोकात इथिलीन जाऊ शकत नाही, त्यामुळे हा कोक बहुतेक स्फटिकांच्या मधल्या मातीत बसतो. मणी बांधायला ती चिकणमाती घातलेली असते आणि तिच्यातल्या वाटांनीच पाणी आत जातं. खोल्या रिकाम्या असतात, पण जिन्यात अडगळ भरलेली असते.

म्हणूनच रिजन घाईने करायचं नसतं. गॅस खालून वर सोडतात, कामाच्या उलट दिशेने, म्हणजे शेवटी गॅस जिथून बाहेर पडतो तो तळ सगळ्यात कोरडा होतो. तापमान हळूहळू चढवायचं, एकशेवीसच्या आसपास थांबायचं, अडकलेले हायड्रोकार्बन आणि बरंचसं पाणी निघून जाऊ द्यायचं, मगच दोनशेतीसपर्यंत जायचं. हे थांबणं टाळलं तर दोन गोष्टी होतात. चिकट रेणू आत असतानाच भाजले जातात. आणि खालून निघालेली वाफ वरच्या गार थरावर जाऊन पाणी होते, मणी त्यात भिजतात, बांधणारी माती सुटते, आणि थंड झाल्यावर त्याचे खडे होतात. ‘वर’च्या बाटलीतले ते चिकटलेले खडे बघूनच मला कळलं की कुणीतरी थांबण्याचे तास कापलेत.

ते मी लिहून ठेवलं आणि पुढे गेले. मण्याची ताकद यंत्रात दाबून बघतात, पंचवीस मणी एकेक करून. काळ्यांनी बऱ्यापैकी तग धरला. मग सवयीने पांढरे घेतले. पहिला मणी तीन किलोलाच फुटला. दुसरा त्याआधीच. नवा मणी सात-आठ किलो सोसतो. चौथा तर मी चिमट्याने उचलतानाच बोटांवर भुकटी सोडून गेला. पंचवीस संपेपर्यंत माझी मान अवघडली होती, पण उठावंसं वाटेना.

पाणी धरण्याची चाचणी सोपी असते, वेळखाऊ असते. मणी निर्वात भट्टीत पूर्ण कोरडे करायचे आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात, मिठाच्या संपृक्त द्रावणावर ठेवायचे. साधं मीठ, पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं. त्यावरची हवा पंचवीस अंशांना ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, बाहेर पाऊस असो की ऊन. मग रोज वजन करायचं, वाढायचं थांबेपर्यंत. नवा ३ए आमच्याकडे शंभर ग्रॅमला वीस ग्रॅम पाणी घेतो. पाचव्या दिवशी वहीत आकडे असे होते: वर ९, मध्य १५, खाली ११.

इंजिनिअरला फोन केला. तरुण मुलगा आहे, कामसू.

“मॅडम, नऊ ना? म्हणजे काळेच. वरचा दीड मीटर काढतो आणि नवीन भरतो.”

“खालचे अकरा आलेत.”

“पण ते तर चांगले दिसतात.”

“दिसतात. पण हाताला भुकटी लागते त्यांची. वरचा थर बदलून तुमचा ड्रायर सुधारणार नाही. गॅस शेवटी ज्या मण्यांतून जातो तेच मणी गेलेत.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “कशाने गेले?”

ते मला तेव्हा सांगता आलं नाही. तळात कोक नाही, खडे नाहीत. सगळ्यात स्वच्छ जागा. संध्याकाळी जेवताना हे बाबांना सांगितलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर आणि हीट एक्स्चेंजर, म्हणजे नळ्यांच्या भिंतीतून एकाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं, सांभाळलेत त्यांनी. त्या रस्त्यावर १९६८ पासून नाफ्था क्रॅकर होता. माझ्या लहानपणी रात्री आमच्या खिडकीतून आकाशाचा तो तांबूस उजेड दिसायचा. बाबा सीव्हमधले नाहीत. मण्यांबद्दल त्यांनी काही विचारलंही नाही.

“रिजनचा गॅस तापवतात कशावर?”

“हाय प्रेशर स्टीमवर. एक्स्चेंजर आहे.”

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. “मग नळी बघायला सांग आधी. वाफेचा दाब चाळीस, तुझ्या गॅसचा चार-पाच. नळीला केसाएवढी भेग पडली तरी वाफ गॅसमध्येच जाणार. दुसरीकडे जाणार कुठे? आणि गरम झाल्यावरच्या वाफेचं सोड, पहिल्या तासाचा विचार कर. बेड गार असतो ना तेव्हा? तिचं पाणी होणार, तळातच.”

मी जेवण तसंच टाकून वही आणली. सगळं जुळत होतं. प्रत्येक रिजनच्या सुरुवातीला तळाचे मणी भिजायचे, मग ओल्या वाफेतच दोनशेतीसला शेकले जायचे. झिओलाइट ए कोरड्या उष्णतेत बराच टिकतो. उष्णता आणि वाफ दोन्ही एकदम मिळाली की त्याच्या चौकटीतला अ‍ॅल्युमिनियम निसटतो, स्फटिक ढासळतो. बाहेरून काही दिसत नाही, मणी पांढराच राहतो. शिवाय तळ कधी पूर्ण कोरडा होतच नव्हता, कारण सुकवायला येणारा गॅसच ओला. विसाव्या तासाला ओल बाहेर पडायची ती म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी मी रिजनच्या तापमानाचे आलेख मागवले, वर्षभराचे. बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान चढताना मध्ये एक सपाट पट्टा येतो, पाणी उडत असतं तेवढा वेळ, आणि ते संपलं की रेषा सरळ वर जाते. वर्षाच्या सुरुवातीला तो पट्टा दोन तासांचा होता. महिन्यामहिन्याने लांबत लांबत मे महिन्यात चार तासांच्या पुढे गेला. वेळ पुरेना म्हणून शिफ्टमधल्या कुणीतरी एकशेवीसवरचं थांबणं काढून टाकलं आणि तापमान भराभर चढवायला सुरुवात केली. म्हणजे वरचा कोक आणि खडे हेही त्याच भेगेचं पुढचं बाळ. कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, वीस तासांत बेड तयार करून द्यायचा ताण ज्याच्यावर असतो त्यालाच तो कळतो. पण तो पट्टा वर्षभर कागदावर होता आणि कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

एक्स्चेंजर बाजूला काढून पाण्याचा दाब दिला. दोन नळ्या गळत होत्या.

एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे स्फटिक शाबूत आहे का ते दाखवणारी चाचणी, बाहेरून करून घेतलं, त्याचा कागद नंतर आला. काळ्या मण्यांच्या रेषा उंच, स्वच्छ. पांढऱ्यांच्या खुज्या झालेल्या, खालची पार्श्वरेषा फुगलेली.

मला तेवढ्यावर थांबवेना. काळे मणी मी आमच्या छोट्या नळीच्या भट्टीत घातले. नायट्रोजनमध्ये एक टक्का ऑक्सिजन, त्याहून जास्त नाही. कोक जळताना स्वतः तापतो आणि ऑक्सिजन मोकळा सोडला तर मणी आतल्या आत भाजून जातो. शिवाय कोकमधल्या हायड्रोजनचं जळून पाणीच होतं, म्हणजे पुन्हा तीच वाफ. आधी सगळं पाणी आणि सुटे हायड्रोकार्बन नायट्रोजनने हाकलायचे, तापमान हळूहळू साडेचारशेवर न्यायचं, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड बघत राहायचं, तो उतरायला लागला की मगच ऑक्सिजन थोडा वाढवायचा. केरोसीनमधून सरळ साखळ्या काढणाऱ्या ५एच्या वायुरूप युनिटमध्ये हेच जाळणं भांड्यातल्या भांड्यात करतात, ठरावीक काळाने. गॅसच्या ड्रायरचं भांडं सहसा तेवढ्या तापमानासाठी बांधलेलं नसतं, तिथे मणी काढावेच लागतात.

अर्ध्या वाटेवर भट्टी थंड करून एक मणी बाहेर काढला आणि पात्याने मधोमध कापला. भिंगाखाली बाहेर पांढरं कडं होतं, आत काळा गाभा, आणि दोन्हींच्या मध्ये कंपासने काढावी तशी रेघ. ऑक्सिजन आत शिरतो तसा वाटेत भेटेल तो कोक जाळत जातो, आणि बाहेरचं संपल्याशिवाय आतल्यापर्यंत पोचतच नाही. हे मी पुस्तकात शिकले होते, दरवेळी दिसतं, आणि दरवेळी मी शेजारच्या टेबलावरच्या मुलींना बोलावून दाखवते. त्या दिवशीही दाखवलं. एकीने मोबाइलवर फोटो काढला.

पूर्ण जाळल्यावर ते मणी फिकट करडे झाले. मिठाच्या डेसिकेटरमध्ये त्यांनी १८ ग्रॅम पाणी घेतलं. नऊवरून अठरा. पांढऱ्यांना मी तेवढीच भट्टी दिली, निर्वात दिला, तीन वेळा केलं. अकराचे पुढे हलले नाहीत. चौकट एकदा ढासळली की तिला परत उभी करणारी भट्टी नाही. कोक मात्र साफ करता येतो.

या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी आणखी एक भरणा असाच काळा म्हणून अर्ध्या आयुष्यात काढला होता, हे मला नंतर कळलं. सगळाच्या सगळा तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात गेला. त्याचे नमुने कुणी पाठवले नव्हते. तेव्हाही नळी गळत होती का, हे आता कुणालाच कळणार नाही. एका भरण्यात हजारो किलो मणी असतात, ते नायट्रोजनमध्ये उतरवणारी माणसं असतात, आणि तो माल कायमचा गाडून टाकायला जमीन लागते. तिथल्या लोकांनी एक बाटली रबाळ्याला पाठवली असती तर? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्यांच्याकडे सीव्ह आहे त्यांना एवढंच सांगते. नमुना काढाल तर तळाचाही काढा, आणि बाटलीवर किती मीटरवरचा ते लिहा. किती रिजन झाले तो आकडा लिहा. भरणा करताना नव्या मण्यांची एक बाटली मेण लावून कपाटात ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? पावसाळ्यात भरत असाल तर जेवढी पिंपं तासाभरात संपतील तेवढीच उघडा, आपल्याकडच्या जुलैच्या हवेत उघडा मणी एका रात्रीत पोट भरून बसतो.

बाबांना मी नळ्यांची बातमी सांगितली तेव्हा ते गॅलरीत बसून पारसिकच्या डोंगरावरचं धुकं बघत होते. “दोनच?” म्हणाले. “मग बाकीच्यांचीही जाडी मोजायला सांग.” मी इंजिनिअरला तसं कळवलं. त्याने मोजल्या आणि अकरा नळ्या बुजवल्या.

दोन्ही ड्रायरना गॅस त्याच एक्स्चेंजरमधून जायचा, म्हणून ऑगस्टच्या शेवटी दुसऱ्या ड्रायरचे नमुने आले. या वेळी सहा बाटल्या, बॉलपेनने लिहून वर चिकटपट्टी लावलेली लेबलं, मीटरमध्ये खोली, रिजनचा आकडा. चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘मॅडम, आधी ४.२ मीटरचा बघा.’ तो तळाचा होता. मी चिमट्याने उचलला, बोटांवर भुकटी आली नाही. डेसिकेटरमध्ये ठेवून तीन दिवस झालेत. काल शंभर ग्रॅमवर चौदा होतं, आज सकाळी पंधराच्या जरासं वर. अजून वाढतंय.